खाडा

आमच्या गल्लीतल्या मशिदीच्या भिंतींचे आणि तिच्यातल्या सफांचे कधीच जुळले नाही. मुळात ते एक राहते घर होते. मालकाने ते मशिदीसाठी वक्फ केले तेव्हा रस्त्याला धरून बांधलेल्या त्याच्या भिंती तशाच राहिल्या, आणि सोलापूरहून मक्केची दिशा नेमकी पश्चिम नसून थोडी उत्तरेला झुकलेली असल्यामुळे नमाजाच्या रांगा, म्हणजे सफा, त्या भिंतींना तिरक्या आखाव्या लागल्या. त्यामुळे प्रत्येक सफेच्या टोकाला एक त्रिकोणी तुकडा उरतो. एका तुकड्यात कुराणाच्या प्रती ठेवायची फळी आहे, दुसऱ्यात टोपी विसरून आलेल्यांसाठी टोप्यांची टोपली, आणि मागच्या कोपऱ्यात मयतीचा लाकडी जनाजा भिंतीला टेकवून उभा केलेला असतो. दुसऱ्या सफेच्या डाव्या टोकाला, खिडकीखाली उरलेल्या तुकड्यात मात्र नेमका एक माणूस मावतो. तिथे माझे वडील जवळजवळ तीस वर्षे उभे राहिले.

‘त्यांची जागा’ असे म्हणणे खरे तर बरोबर नाही. उंट जशी बसायची एकच जागा धरून ठेवतो, तशी मशिदीत कोणी स्वतःसाठी जागा धरून ठेवू नये, असे एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत, आले आहे. अब्बांना ते ठाऊक होते आणि त्यावर त्यांचे उत्तरही तयार होते. “मी कुठे धरून ठेवली? सगळे उभे राहिल्यावर जी उरते ती मी घेतो.” आम्ही घरात दखनी बोलतो, त्यामुळे त्यांची वाक्ये मराठीत आणताना जरा जास्तच सभ्य होतात, हे इथेच सांगून टाकतो. त्यांचे म्हणणे मात्र खरे होते. त्या कोपऱ्यात पंख्याचा वारा पोचत नसे, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा 44 च्या घरात जातो तेव्हा जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला खिडकीच्या गजांमधून झळा येत. ती जागा कोणाला नकोच असायची.

अब्बा यंत्रमागावर टॉवेल विणत. बारा तासांची पाळी, नगावर मजुरी आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकाला एक लागून उभे असलेले माग. धोटा एका पेटीतून सुटतो, ताण्यातून पळत जाऊन पलीकडच्या पेटीवर आपटतो, तिथून परत येतो, आणि हे मिनिटाला शंभरावर वेळा चालते. एका मागाचा एवढा आवाज, तर साऱ्या शेडचा किती, हे ज्याने एकदा तरी तिथे पाय ठेवला आहे त्यालाच कळेल. तिथे कामगार बोलत नाहीत, हातवारे करतात आणि ओठ वाचतात. चाळिशी उलटेपर्यंत अब्बांचा एक कान पूर्ण गेला आणि दुसरा अर्धा. गिरणगावात ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आमच्या लहानपणी मागकामगाराचे घर ओळखायला पाटी लागत नसे. आतली माणसे भांडत नसतानाही भांडत असल्यासारखी बोलत.

बांग त्यांना ऐकू येत नसे, आणि त्यावरून ते स्वतःचीच थट्टा करत. मदिनेतल्या अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम या अंध सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याची, गोष्ट त्यांनी कुठल्याशा बयानात, म्हणजे प्रवचनात, ऐकली होती. मला हात धरून मशिदीत आणणारे कोणी नाही, तेव्हा घरीच नमाज पढण्याची मुभा द्यावी, अशी विनंती त्या सहाबींनी पैगंबरांकडे केली. पैगंबरांनी आधी मुभा दिली, पण ते जायला निघाले तेव्हा परत बोलावून विचारले, “बांग ऐकू येते का?” ते म्हणाले, “येते.” “मग यायला हवे.” गोष्ट एवढीच आहे. अब्बा ती सांगून म्हणत, “मला कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार, नाही येत. म्हणजे माझी सुटी पक्की.” आणि हे म्हणत असतानाच ते खुंटीवरची टोपी शोधत असत.

सुटी असूनही माणूस का जातो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नाही. बाप रोज जिथे जातो तिथे तो का जातो, असे मुले विचारत नाहीत. पुढे मी त्यांच्या शेजारी उभा राहू लागलो तेव्हा ते नमाज कशी पढतात, हे जवळून दिसले. पहाटेची फजर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा या तीन नमाजांत इमाम कुराणाचे पठण मोठ्याने करतो. जुहर आणि असर या दिवसाउजेडी होणाऱ्या दोन नमाजांत तो मनातल्या मनात पढतो, फक्त वाकण्या-उठण्याचे ‘अल्लाहु अकबर’ तेवढे मोठ्याने म्हणतो. अब्बांना तेही ऐकू येत नसे. उभे असताना त्यांची नजर जमिनीवर, सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकायच्या, जागी असे, पण उजव्या दंडाला शेजाऱ्याचा दंड टेकलेला असे. तो दंड खाली सरकला की हे रुकूत जात, म्हणजे कमरेत वाकत. तो वर आला की हे उभे राहत. सफेत खांद्याला खांदा लावून, मध्ये फट न ठेवता उभे राहावे, सफ सरळ असणे हा नमाज पुरी होण्याचाच भाग आहे, अशी शिकवण आहे. शिस्त किंवा एकीचे प्रतीक म्हणून ती समजावून सांगितली जाते. अब्बांसाठी त्यात प्रतीक वगैरे काही नव्हते. एकीकडे तिरकी भिंत आणि दुसरीकडे माणूस, आणि त्या माणसाच्या दंडातून त्यांना इमाम ऐकू येत होता. त्यांना जुहर सर्वांत प्रिय होती. “जुहरला सगळेच बहिरे,” असे ते म्हणत.

बांग ऐकू येत नाही, तर फजरला त्यांना कोण उठवे? अम्मी. बांग तिला ऐकू येई आणि ती अब्बांच्या पायाचा अंगठा हलवी. पुरुषांवर जुमा, म्हणजे शुक्रवारची दुपारची नमाज, फर्ज म्हणजे बंधनकारक आहे, बायकांवर नाही. पाच वेळच्या जमातीची, म्हणजे एकत्र पढायच्या नमाजीचीही त्यांना सक्ती नाही. म्हणजे जिला बोलावणे नव्हते तिच्या कानातून ते अब्बांच्या अंगठ्यापर्यंत पोचत होते. 2022 साली राज्यात भोंग्यांचा वाद पेटला आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमावर बोट ठेवले गेले, तेव्हा पुष्कळ मशिदींनी फजरची बांग भोंग्याविना द्यायला सुरुवात केली. त्यावर गल्लीत तावातावाने चर्चा झाली. अब्बांना त्यातले काहीच ऐकू गेले नाही. अम्मीने मात्र बाजारात जाऊन गजराचे घड्याळ आणले.

आता खाड्याची गोष्ट. खाडा हा शब्द आमच्याकडे मागावरून आला आहे. कामावर न आलेला दिवस म्हणजे खाडा, आणि हप्त्याच्या पगारात तो पहिल्यांदा मोजला जातो. मी सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत अम्मी आम्हा भावंडांना घेऊन माहेरी अक्कलकोटला गेली होती आणि अब्बा घरी एकटेच होते. त्यांना ताप भरला. अंगठा हलवायला कोणी नव्हते, आणि असते तरी उठण्याची ताकद नव्हती. कारखान्यात त्यांचा खाडा पहिल्याच दिवशी लक्षात आला आणि मुकादमाने त्यांच्या मागांवर बदली कामगार लावला. त्याचे ते कामच होते, त्यात वाईट मानण्यासारखे काही नाही. मशिदीत तो दुसऱ्या दिवशी फजरला लक्षात आला. नमाज संपवताना माणूस आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवून सलाम करतो. डावीकडे मान वळवणाऱ्याला खिडकीखालचा तो त्रिकोण सलग सहाव्यांदा की सातव्यांदा रिकामा दिसला. बांग देणाऱ्या मुअज्जिन साहेबांनी उजाडता उजाडता आमचे दार वाजवले. आतून उत्तर येईना, कारण आतल्या माणसाला दार वाजलेले ऐकूच येत नव्हते, तेव्हा त्यांनी शेजारच्या गच्चीवरून माणूस उतरवून कडी काढली आणि अब्बांना सायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले.

पुढे वाचायला लागल्यावर मला एक हदीस सापडली आणि या प्रसंगाशी ती कायमची जोडली गेली. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळी स्त्री होती. काही दिवस ती दिसली नाही म्हणून पैगंबरांनी चौकशी केली. ती वारली, असे उत्तर आले. मला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. लोकांनी तिचे मरण फारसे महत्त्वाचे मानले नव्हते. पैगंबरांनी तिची कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज पढली. जमातीने पढलेली नमाज एकट्याच्या नमाजीपेक्षा सत्तावीस पटींनी श्रेष्ठ आहे, ही हदीस प्रत्येक बयानात ऐकू येते आणि तिचा हिशेब पोरासोरांनाही पाठ असतो. झाडलोट करणाऱ्या बाईची हदीस त्या मानाने कमी सांगितली जाते. मला मात्र वाटते की जमात कशासाठी असते हे तिच्यात अधिक दिसते. एकट्याने घरी पढलेल्या नमाजीत कोणती उणीव राहते ते अल्लाह जाणे; पण एकट्याचा खाडा कोणाला कळत नाही, एवढे नक्की.

‘जमात’ हा शब्दही मराठीत मजेशीर रीतीने वावरतो. वर्तमानपत्रात तो आदिवासींसाठी येतो, खेड्यात ‘मुस्लिम जमात’ म्हटले की मशिदीची आणि कबरस्तानाची व्यवस्था पाहणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात, आणि मशिदीत ‘जमात उभी राहिली’ म्हणजे नमाज सुरू झाली. आमच्या घरात तो क्रियेचाच शब्द होता. जमात मिळाली का? जमात चुकली. दोन रकात, म्हणजे नमाजीची आवर्तने, चुकल्या, दोन मिळाल्या. उशिरा येणारा जिथे नमाज पोचली असेल तिथे सामील होतो आणि इमामाने सलाम फेरल्यावर उरलेले उभे राहून पुरे करतो. गाडी सुटली तर फलाटावर बसून राहावे लागते. इथे चालत्या गाडीत चढून राहिलेले अंतर मागून चालून भरता येते.

पाळीत काम करणाऱ्या माणसाला ही सवलत किती मोलाची आहे, हे सोलापुरात राहून कळते. जुम्याबद्दल कुराणात म्हटले आहे की नमाजीची हाक येताच व्यापार सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धावा, आणि नमाज झाल्यावर पृथ्वीवर पांगा आणि त्याची कृपा शोधा. म्हणजे शुक्रवार हा सुटीचा वार नव्हे. कामातून उठायचे आणि परत कामावर जायचे. अब्बांच्या शेजारच्या मागांवर विणकरांच्या पद्मशाली समाजातले एक काका होते. दुपारची पंधरा-वीस मिनिटे ते स्वतःच्या मागांबरोबर अब्बांचेही माग बघत, ताण्याचा धागा तुटला तर गाठ मारत, कांडी संपली तर बदलत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघे तेव्हा अब्बा त्यांचे माग सांभाळत. तेव्हा आम्हाला यात काही विशेष वाटत नसे. आता असे काही लिहिले की त्यातून लोक सलोख्याचा धडा काढतात, म्हणून सांगतो, ती निव्वळ कामातली देवघेव होती आणि कोणाची मिनिटे जास्त झाली यावरून दोघांत कुरबूरही होई.

पाळीवाल्यांच्या बाजूने एक हदीस तर फारच रोकडी आहे. मुआज इब्न जबल हे विद्वान सहाबी आपल्या वस्तीतली इशाची नमाज पढवत. एका रात्री त्यांनी कुराणातली सर्वांत लांब सूरा, 286 आयतींची अल-बकरा, सुरू केली. पाणी वाहणारे दोन उंट घेऊन दिवसभर राबलेला एक माणूस जमातीत सामील झाला होता. तो कंटाळून सफेतून बाहेर पडला, त्याने आपली नमाज एकट्याने उरकली आणि निघून गेला. मुआज यांनी त्याला दांभिक ठरवले. तक्रार पैगंबरांपर्यंत पोचली तेव्हा बोलणी बसली ती मुआज यांनाच. लोकांची परीक्षा बघतोस का, असे तीनदा विचारून त्यांनी छोट्या सूरांची नावे सांगितली आणि बजावले की तुझ्यामागे म्हातारे, अशक्त आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात. रात्रपाळीला निघालेल्या माणसांच्या सफेपुढे एखादे नवे, गोड गळ्याचे तरुण इमाम लांब किरात, म्हणजे पठण, लावतात, तेव्हा मला त्या उंटवाल्याची आठवण येते आणि मागून कोणीतरी खाकरतेच.

सफेत राजा आणि रंक एक होतात, असे नेहमी म्हटले जाते. होतात, पण किती वेळ, तेही सांगावे. आमच्याच मशिदीत एका ईदच्या तोंडावर एका छोट्या कारखानदाराने आपल्या कामगाराला उचल नाकारली होती, आणि दोनच दिवसांनी ईदच्या नमाजीत दोघे दंडाला दंड लावून उभे होते. नमाज झाल्यावर गळाभेटही झाली. उचल मिळाली नाही ती नाहीच. त्यातून मशिदींचेही मसलक, म्हणजे पंथ, वेगळे. या मशिदीत जाणारा त्या मशिदीच्या इमामामागे उभा राहत नाही, आणि विश्वस्तपदावरून होणारे वाद तर कज्जेकोर्टापर्यंत जातात. हे सगळे मी पाहिले आहे. तरीही सफेची एक गोष्ट मला खरी वाटते, ती म्हणजे इमामाची चूक दुरुस्त करण्याचा हक्क. पठणात इमाम अडखळला किंवा एखादी आयत सुटली, तर मागच्या सफेतला कोणीही, मग तो हमाल असो की शाळकरी पोर, ती मोठ्याने म्हणून त्याला रस्त्यावर आणतो. त्याला लुक्मा देणे म्हणतात. लुक्मा म्हणजे घास. पुढे उभ्या असलेल्या माणसाला मागच्याने चूक दाखवावी आणि त्याला घास भरवणे म्हणावे, हे मला आजही फार सुंदर वाटते.

एकदा एसटीने आम्ही विजापूरला गेलो होतो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. ज्याच्या लग्नात सोलापूरचा किल्ला चांदबिबीबरोबर आंदण गेला, त्या पहिल्या अली आदिलशाहाने तिथली जामा मशीद बांधायला घेतली. आतल्या जमिनीवर 2250 मुसल्ले आखलेले आहेत, एकेका माणसापुरती कमानीच्या आकाराची चौकट. अब्बा एका चौकटीत उभे राहिले, दोन्हीकडे बघितले आणि म्हणाले, “इथे प्रत्येकाला वेगळी खोली दिली आहे.” त्यांना ती व्यवस्था पसंत पडली नाही. दोन चौकटींच्या मध्ये रेघ होती, आणि रेघेपलीकडचा दंड लागतो की नाही, याची त्यांना शंका होती.

अम्मीचा मशिदीशी संबंध नळापर्यंत होता. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येई, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर खरे वाटत नसे. उजनी धरण भरलेले असले तरी आमच्या घागरी त्याप्रमाणे भरत नसत. मशिदीला बोअर आहे आणि तिची एक तोटी रस्त्याच्या बाजूला काढली आहे. पाणी नसलेल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका, कोणत्याही घरच्या, तिथे घागरी लावत. उन्हाळ्यात बोअर आटू लागली की आत फलक लागे, ‘वजू घरून करून यावे’. वजू म्हणजे नमाजीआधी हात-पाय-तोंड धुणे. लिटरभराच्या आतल्या पाण्यात पैगंबर वजू करत, हेही तेव्हा बयानात हमखास यायचे. वजूचे नळ बंद झाले तरी बाहेरची तोटी मात्र बंद झाल्याचे मला आठवत नाही. अम्मी घरी टॉवेलच्या कडा शिवायची आणि मशीन थांबवून रांगेत नंबर लावायला जायची. भिंतीच्या आत अब्बांचा त्रिकोण होता आणि त्याच भिंतीच्या बाहेर, खिडकीपासून चार हातांवर, अम्मीची रांग होती.

2020 च्या मार्चमध्ये मशीद बंद झाली. बांग होत होती, पण आत इमाम, मुअज्जिन आणि दोघे-तिघे एवढेच असत. पावसापाण्यात ‘आपापल्या ठिकाणीच नमाज पढा’ असे पुकारण्याची पद्धत पैगंबरांच्या काळापासूनची आहे, तेव्हा धर्माने अडवले असे काही नव्हते. तरी रमजान आला आणि त्यातली रात्रीची तरावीहची नमाजही घरीच पढायची वेळ आली तेव्हा अब्बा फार कासावीस झाले. शेवटी त्यांनी समोरच्या खोलीत सतरंजी घातली. ते पुढे, मी त्यांच्या उजव्या हाताला, किंचित मागे, आणि आमच्या मागे अम्मी आणि बहीण. लग्नाला चाळीस वर्षे होत आली होती आणि अम्मी पहिल्यांदा जमातीत उभी होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी इशाच्या चार रकात पुऱ्या झाल्यावर अब्बा बसायचे सोडून पाचवीसाठी उठू लागले. इमाम चुकला तर पुरुषांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचे आणि बायकांनी हाताच्या पाठीवर हात मारून टाळी वाजवायची, असा नियम आहे. माझे लक्ष नव्हते, अम्मीचे होते. तिने टाळी वाजवली. अब्बांना कुठली ऐकू येणार? तिने आणखी जोरात वाजवली. मग मी भानावर येऊन ओरडलो, ते खाली बसले आणि चुकीबद्दलचे दोन सजदे करून नमाज पुरी झाली. सलाम फेरल्यावर अम्मी म्हणाली, “इतक्या वर्षांनी यांच्या मागे उभी राहिले, आणि तिथेही ऐकत नाहीत.” अब्बा हे मात्र ओठांवरून बरोबर वाचून हसले.

16 नोव्हेंबर 2020 ला प्रार्थनास्थळे उघडली. मशिदीत अंतर राखण्यासाठी रंगाने खुणा केल्या होत्या. अब्बांच्या कोपऱ्यात खूण करायची गरज पडली नाही. पण शेजारचा माणूस आता हातभर लांब होता. त्या दिवशी जुहरला अब्बा दोनदा चुकले. एकदा सगळे सजद्यात गेले तरी ते उभेच होते. पुढच्या एप्रिलमध्ये मशिदी पुन्हा बंद झाल्या आणि 7 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडल्या. खांद्याला खांदा लागायला त्यानंतरही काही काळ जावा लागला.

अम्मी मात्र मशीद उघडल्यावर पुन्हा सफेच्या बाहेर गेली. समोरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळली गेली. अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, ही हदीस प्रसिद्ध आहे. मदिनेत पैगंबरांच्या मागे स्त्रिया नमाज पढत. केरळात कित्येक मशिदींत त्यांच्यासाठी जागा असते. पुण्याच्या एका दाम्पत्याच्या याचिकेवर 2020 च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही सर्वोच्च न्यायालयात सांगितले की मशिदीत स्त्रियांना मज्जाव नाही. मज्जाव नाही आणि जागाही नाही, अशी आमच्याकडची स्थिती आहे. जागेचे कारण पुढे केले की मला ते तिरके त्रिकोण आठवतात. आम्ही त्यात टोपली मावली, फळी मावली, जनाजा मावला, असे करत आलो. माझा आक्षेप हक्काच्या भाषेत मांडता येईल आणि तसा तो मांडायलाही हवा, पण मला बोचते ते वेगळेच आहे. जिथे माणसाचा खाडा लक्षात येतो त्या ठिकाणी अम्मीचा खाडा कधीच लक्षात येणार नव्हता, कारण तिची हजेरीच धरलेली नव्हती.

शेवटच्या वर्षी अब्बांचे गुडघे गेले. आजारी माणसालाही दोघांच्या आधाराने, झोकांड्या खात, आणून सफेत उभे केले जाई, असे सहाबींच्या काळाचे वर्णन आहे. मी त्यांना मोटारसायकलवरून नेत असे. सफेच्या टोकाला खुर्ची ठेवायची हल्ली सोय असते, पण त्रिकोणात खुर्ची बसेना, तेव्हा त्यांना उजव्या टोकाला जावे लागले. तिथे त्यांना डावा दंड वापरावा लागे. ते म्हणत की या बाजूला उशिरा ऐकू येते.

2023 च्या थंडीत ते गेले. जनाजाच्या नमाजीत रुकू नाही, सजदा नाही. फक्त उभे राहून चार तकबीर, म्हणजे चारदा ‘अल्लाहु अकबर’. तिला बांगही नसते. मागच्या बाजूला, सफांच्या बाहेर, पद्मशाली काका चपला काढून हात जोडून उभे होते, आणि उचलायच्या वेळी त्यांनी पुढे होऊन खांदा दिला. भिंतीला टेकवून ठेवलेला तोच लाकडी जनाजा.

अम्मी इद्दतीत बसली, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच राहायचे ते चार महिने दहा दिवस. नळावर जाणे बंद झाले. पहिल्या आठवड्यापासून पाण्याच्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर भरलेल्या दोन घागरी येऊ लागल्या. कोण ठेवते, ते मला बरेच दिवस कळले नाही. अम्मीला घागरींच्या ठेवणीवरून कळत होते, आणि ती एकेकीचे नाव सांगे.

आता इशाहून परत आलो की ती कडांची मशीन थांबवून रोज एकच प्रश्न विचारते, “आज कौन नै था?” मी सांगतो. अमका नव्हता, गावाला गेला आहे. तमक्याचे डोळ्याचे ऑपरेशन झाले. ती ऐकते, आणि ज्याचे कारण मला सांगता येत नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाला तरी पाठवते. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच खिडकीखालच्या जागेबद्दल विचारले. मी म्हटले, एक पोरगा उभा राहतो, बिहारचा, मागावर नवीन लागला आहे.

“उसका नाम पूछ्या क्या?”

मी विचारले नव्हते. महिनाभर त्याच्या दंडाला दंड लावून उभा होतो. दुसऱ्या दिवशी मगरिबला थोडा लवकर गेलो, पण तो आला नव्हता.